काठावर उभे राहणारे : प्राचीन मंडळी, रक्तरंजित खेळ आणि पांढुर्ण्याची गोटमार

पोळ्याचा दुसरा दिवस विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मराठी मुलखात मुलाबाळांचा असतो. मुले लाकडी नंदीबैल सजवून दारोदार नेतात. नागपुरात त्याच दिवशी मारबती निघतात. पांढुर्ण्यात मात्र हा दिवस गोटमारीचा. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि तो झेंडा हस्तगत करण्यासाठी दोन्ही काठांवरील लोक एकमेकांवर दिवसभर दगड फेकतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात अर्पण केला जातो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर अनेकांनी प्राणही गमावले आहेत.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी बोलणारे तालुके मध्यप्रदेशात राहिले. दीर्घकाळ ते छिंदवाडा जिल्ह्याचे भाग होते. २०२३ साली त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कापूस व संत्र्यांच्या ह्या कष्टाळू मुलखात आपलीही थोडी घरे आहेत. शेजाऱ्यांच्या उत्सवावर न्यायासन मांडून बसावे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. गोटमार थांबावी असे म्हणणारी माणसे त्याच समाजात आहेत आणि त्यांना आपल्याहून अधिक बोलण्याचा हक्क आहे. प्रश्न आपला आहे. एखादा समाज पायरीपायरीने कठोर होत जातो तेव्हा ख्रिस्ती मंडळी कोठे उभी असते? मंडळीच्या इतिहासात ह्या प्रश्नाचे जे उत्तर सापडते ते काही अंशी गौरवाचे आणि काही अंशी लज्जेचे आहे.

१. लज्जेचा उत्सव कसा होतो

गोटमारीच्या उगमाविषयी एकाहून अधिक आख्यायिका आहेत. त्यांपैकी सर्वांत परिचित ती अशी : पांढुर्ण्याचा तरुण व सावरगावची मुलगी ह्यांचे प्रेम जडले. तो तिला घेऊन नदी ओलांडत असता मुलीकडच्यांनी दगड मारण्यास सुरुवात केली, मुलाकडच्यांनी दगडांनीच उत्तर दिले, आणि त्या वर्षावात दोघेही नदीच्या मधोमध मरण पावली. तेव्हा दोन्ही गावांना आपल्या कृत्याची लाज वाटली. त्यांनी ते मृतदेह देवीच्या देवळात नेऊन पूजा केली व त्यांना अखेरचा निरोप दिला.

ही कथा घडली की नाही हे येथे गौण आहे. ती सांगणाऱ्यांच्या मनातील क्रम मात्र विचार करण्याजोगा आहे. कथेच्या शेवटी पश्चात्ताप आहे. ज्या दगडांनी दोन जीव घेतले ते हातातून खाली टाकून दोन्ही गावे एकत्र आली, असे ती कथा म्हणते. पण स्मरण करावयाचे ते दगड टाकून दिल्याचे की दगड मारल्याचे? पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि पश्चात्तापाची आठवण मागे पडून अपराधाचीच पुनरावृत्ती प्रथा होऊन बसली. ‘आपण आता क्रूर व्हावे’ असा ठराव कोणत्याही गावाने कधी केला नसेल. नैतिक ऱ्हास ठराव करून येत नाही. इब्री लोकांस पत्राचा लेखक दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी वाचकांना वाहवत जाण्याचे भय दाखवतो; बुडण्यापूर्वी मनुष्य वाहत असतो, आणि वाहताना त्याला हातपाय हलवावे लागत नाहीत.

२. आरंभीच्या मंडळीचा नकार

रोमी साम्राज्यात तलवारबाजांच्या, म्हणजे ग्लॅडिएटरांच्या, झुंजी हा लोकप्रिय खेळ होता. त्यांचा उगम मृतांच्या स्मरणार्थ केल्या जाणाऱ्या विधीत असल्याचे रोमी लोक स्वतः सांगत. विधीचा खेळ झाला, खेळाचा धंदा झाला, आणि पुढे मते मिळविण्याचे व जनतेला खूश ठेवण्याचे ते साधन बनले. येथेही कोणी एका दिवसात खाली उतरले नाही.

आरंभीच्या मंडळीने ह्या खेळांना स्पष्ट नकार दिला. इ. स. १७७ च्या सुमारास अथेनागोरस ह्याने सम्राटाला सादर केलेल्या निवेदनात असा युक्तिवाद केला की, मनुष्याचा वध होताना पाहणे हे वध करण्याच्या अगदी जवळचे आहे, म्हणून आम्ही ते पाहत नाही. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनाने ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण सैतानाचा व त्याच्या थाटामाटाचा त्याग करतो. हे खेळ त्या थाटामाटात मोडतात, असे त्याने म्हटले. हिप्पोलितसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ ह्या ग्रंथात बाप्तिस्म्याच्या उमेदवारांची चौकशी कशी करावी ते सांगितले आहे. तलवारबाज, त्यांना शिक्षण देणारा, आणि ह्या खेळांची व्यवस्था पाहणारा सरकारी सेवक ह्या सर्वांनी तो व्यवसाय सोडावा, न सोडल्यास त्यांना स्वीकारू नये, असा नियम तेथे आहे.

बाप्तिस्म्यापूर्वीचे शिक्षण देणाऱ्या आपल्या उपदेशकांनी ह्या नियमाकडे अवश्य लक्ष द्यावे. मंडळीने साम्राज्याकडे कायद्याची मागणी करण्यापूर्वी आपल्या उमेदवारांकडे जीवनाची मागणी केली. ती संख्येने अल्प होती, तिच्या हाती सत्ता नव्हती, तरी पाहणे हेही कृत्य आहे हे तिला उमगले होते.

३. ख्रिस्ती साम्राज्य आणि न थांबलेला खेळ

पुढचा भाग लज्जेचा आहे. सम्राट कॉन्स्टंटाईन ह्याने इ. स. ३२५ मध्ये, म्हणजे निकेया परिषदेच्याच वर्षी, रक्तरंजित खेळ आपणांस मान्य नसल्याचे फर्मान काढले व गुन्हेगारांना आखाड्याऐवजी खाणींत पाठवावे असे सांगितले. परंतु त्याच सम्राटाने आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस इटलीतील हिस्पेल्लुम नगराला अशा झुंजी भरविण्याची परवानगी दिली. इ. स. ३६५ मध्ये आणखी एक आज्ञा निघाली, ती अशी की ख्रिस्ती मनुष्याला आखाड्याची शिक्षा देऊ नये. ह्या आज्ञेतील दुःखद गोष्ट वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. ख्रिस्ती माणूस आखाड्यातून सुटला. आखाडा तसाच राहिला. आपल्या माणसांपुरती दया मागणे ही ऱ्हासाची फार सभ्य दिसणारी पायरी आहे.

ह्या काळात प्रेक्षकांच्या बाकांवर कोण बसत असे? त्यांत ख्रिस्ती लोकही होते. ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाब’ ह्या ग्रंथाच्या सहाव्या भागात आपला मित्र अलिपियस ह्याची हकीकत सांगितली आहे. कायद्याच्या शिक्षणासाठी रोमला गेलेल्या अलिपियसला ह्या खेळांचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढून नेले, तेव्हा शरीराने येथे असलो तरी मनाने नसेन, असे म्हणून तो डोळे मिटून बसला. एक तलवारबाज पडला, लोकांनी एकच आरोळी ठोकली, आणि केवळ कुतूहलाने अलिपियसने डोळे उघडले. त्यानंतर त्याची दृष्टी तेथून हटेना. तो ओरडू लागला, पुन्हा पुन्हा जाऊ लागला, आणि पुढे इतरांनाही ओढून नेऊ लागला. हाच अलिपियस देवाच्या कृपेने नंतर थागस्तेचा बिशप झाला, ही समाधानाची गोष्ट. पण त्याने डोळे मिटले होते, कान नाही. आपल्या निश्चयावर त्याची भिस्त होती आणि शेजारी त्याला सावरणारा कोणी नव्हता.

४. आखाड्यात उतरलेला साधू

इ. स. ४०२-०३ च्या सुमारास कवी प्रुडेन्शियस सम्राट होनोरियसला ह्या हत्या थांबविण्याची विनंती करीत होता. म्हणजे कॉन्स्टंटाईनच्या फर्मानानंतर पाऊणशे वर्षे उलटली तरी खेळ चालूच होते. त्याच होनोरियसच्या कारकिर्दीतील एक घटना सिरियातील बिशप थिओडोरेट ह्याने आपल्या मंडळीच्या इतिहासात नोंदली आहे. पूर्वेकडून तेलेमाखस नावाचा एक तपस्वी रोमला आला. झुंज चालू असता तो आखाड्यात उतरला आणि लढणाऱ्यांना थांबवू लागला. प्रेक्षक संतापले. त्यांनी दगड मारून त्या शांतिदूताचा प्राण घेतला. सम्राटाला हे कळले तेव्हा त्याने तेलेमाखसची गणना विजयी हुतात्म्यांत केली आणि तो खेळ बंद केला. ही हकीकत अशा तपशिलाने एकटा थिओडोरेटच देतो आणि तिच्या सालाविषयी इतिहासकारांत एकमत नाही, परंपरेने इ. स. ४०४ हे वर्ष सांगितले जाते.

दगड मारले ते लढणाऱ्यांनी नव्हे, प्रेक्षकांनी, हे येथे विशेष आहे. जे केवळ पाहण्यास आले होते त्यांच्याच हातांनी त्याचा जीव घेतला. अथेनागोरसचा युक्तिवाद असा सव्वादोनशे वर्षांनी खरा ठरला.

तरीही तेलेमाखसच्या मृत्यूने समाज सुधारला असे मानण्याचे कारण नाही. श्वापदांच्या शिकारीचे खेळ रोममध्ये इ. स. ५२३ पर्यंत झाल्याची नोंद आहे. पाचव्या शतकाच्या मध्यास साल्वियन ह्या पाळकाने खेदाने लिहिले की, सणाच्या दिवशीच खेळ असले तर ख्रिस्ती लोक उपासना सोडून तिकडे धावतात. त्रीर नगर शत्रूंनी वारंवार लुटले व जाळले, आणि त्यातून वाचलेल्या प्रतिष्ठितांनी सम्राटाकडे काय मागितले? रथांच्या शर्यतींचे खेळ. एक दुष्ट प्रथा बंद होते, परंतु डोळ्यांची भूक उरते आणि दुसरे अन्न शोधते.

५. जाम नदीच्या काठावर

पांढुर्ण्याचा अनुभव ह्याहून फार निराळा नाही. प्रशासनाने मनाईचे हुकूम काढले, दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, पोलीस, डॉक्टर व रुग्णवाहिका तैनात केल्या. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. कायदा आवश्यक आहे, पण कॉन्स्टंटाईनच्या फर्मानाप्रमाणे तो मनाच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचतो. आता तर गोटमार पाहण्यासाठी नदीवर जाण्याचीही गरज उरलेली नाही; ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घरोघरी पोहोचते, आणि त्या घरांत आपलीही घरे आहेत.

मग करावे काय? शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांचे (१८७६-१९५६) उदाहरण येथे घेण्यास संकोच वाटू नये. जत्रांतील पशुहत्या व दारू ह्यांविरुद्ध ते जन्मभर झटले. त्यांची पद्धत अशी की आधी हातात खराटा घेऊन जत्रेची घाण काढावयाची आणि मग रात्री कीर्तनात लोकांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारावयाचे. ज्याने गावाची घाण उचलली त्याचे बोलणे गावाने ऐकून घेतले. दूर राहून निंदा करण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही, आणि गर्दीत मिसळून गप्प बसण्याचाही नाही.

आपल्या पाळकांपुढे ह्या दोन्ही चुका उभ्या असतात. व्यासपीठावरून शेजाऱ्यांच्या सणाचा धिक्कार करणे सोपे आहे. त्याने वैर वाढते आणि आपल्या श्रोत्यांना आपण शुद्ध असल्याचा भ्रम होतो. मौन धरणे त्याहून सोपे आहे. पण त्या दिवशी जखमींच्या शुश्रूषेला हात लावणे, प्रथा बदलू पाहणाऱ्या शेजाऱ्यांच्या पाठीशी उभे राहणे, आणि पोळ्याच्या आधीच्या रविवारी तरुणांना जवळ बसवून ‘उद्या तुम्ही कोठे असाल?’ असे प्रेमाने विचारणे, हे कोणत्याही लहान मंडळीला शक्य आहे. अलिपियसला असे विचारणारा कोणी भेटला नाही.

आणि आपल्या अंगणातही एक जाम नदी वाहत असते हे विसरून चालणार नाही. मंडळीच्या निवडणुकीत दोन तट पडतात, मालमत्तेचे खटले वर्षानुवर्षे चालतात, आणि बाकीचे सभासद काठावर उभे राहून कोणाचा झेंडा वर जातो ते पाहतात. तेथे दगड शब्दांचे असतात, म्हणून रक्त दिसत नाही.

प्रेषितांची कृत्ये, सातव्या अध्यायात स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा शौल नावाच्या तरुणाने दगड उचलल्याचे लिहिलेले नाही. साक्षीदारांनी आपली वस्त्रे त्याच्या पायांजवळ ठेवली, एवढेच लिहिले आहे. परंतु अनेक वर्षांनी, बाविसाव्या अध्यायात, पौल स्वतःच्या तोंडाने कबूल करतो की त्या वेळी आपण तेथे उभे होतो, त्या वधाला आपली संमती होती आणि मारणाऱ्यांची वस्त्रे आपण राखीत होतो. जगाच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले असते. त्याच्या जागृत विवेकाने सोडले नाही, आणि प्रभूने त्याच मनुष्याला परराष्ट्रीयांचा प्रेषित केले. काठावर उभे राहिल्याची कबुली देण्याचे धैर्य प्रभू आपणां सर्वांस देवो, आणि मग काठ सोडण्याचेही.