असंतोषाचा हिवाळा

असंतोषाचा हिवाळा हे १९७८–७९ च्या हिवाळ्यात युनायटेड किंग्डममध्ये झालेल्या संपांच्या मालिकेला मिळालेले नाव आहे. इंग्रजीत ‘विंटर ऑफ डिसकंटेंट’ असे रूढ असलेले हे नाव शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड तिसरा’ या नाटकाच्या आरंभीच्या शब्दांवरून आले. पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने वेतनवाढीवर घातलेली ५ टक्क्यांची मर्यादा कामगारांनी झुगारल्याने हे संप झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच सरकार कोसळले.

पार्श्वभूमी

१९७५ मध्ये ब्रिटनमधील महागाईचा दर सुमारे २५ टक्क्यांवर पोहोचला होता. सरकार आणि ट्रेड्स युनियन काँग्रेस यांच्यातील ‘सामाजिक करारा’नुसार संघटनांनी वेतनाच्या मागण्या आवरायच्या आणि त्या बदल्यात सरकारने कामगारहिताचे कायदे करायचे, असे ठरले होते. त्या वर्षी वेतनवाढ आठवड्याला जास्तीत जास्त ६ पौंड इतकी मर्यादित करण्यात आली. १९७६ मध्ये पौंड घसरल्यामुळे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ३.९ अब्ज डॉलरचे कर्ज मागावे लागले आणि सरकारी खर्चाला कात्री लागली. १९७८ पर्यंत महागाई ८ टक्क्यांच्या आसपास उतरली. मात्र या उताराची किंमत मुख्यतः पगारदारांनी मोजली होती. अशा स्थितीत महागाईपेक्षाही कमी असलेली ५ टक्क्यांची मर्यादा जुलै १९७८ मध्ये जाहीर झाली. ट्रेड्स युनियन काँग्रेस आणि खुद्द मजूर पक्षाची वार्षिक परिषद या दोहोंनी ती फेटाळली.

शरद ऋतूत निवडणूक होईल अशी सर्वांची अटकळ असताना कॅलाहन यांनी ७ सप्टेंबर रोजी ती होणार नसल्याचे जाहीर केले. हाच निर्णय त्यांना सर्वाधिक महाग पडला, असे अनेक अभ्यासक मानतात.

संप

पहिला तडा फोर्ड मोटार कंपनीत गेला. सप्टेंबरअखेर तेथील सुमारे ५७,००० कामगार संपावर गेले आणि नोव्हेंबरमध्ये १७ टक्के वाढ मिळवूनच परतले. मर्यादा मोडणाऱ्या कंपनीला दंडित करण्याचा सरकारचा प्रयत्न डिसेंबरमध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये हाणून पाडण्यात आला. त्यामुळे खासगी उद्योगांवर अंकुश ठेवण्याचे साधनच सरकारच्या हाती उरले नाही.

जानेवारी १९७९ मध्ये मालमोटारचालकांच्या संपाने बंदरे आणि मालपुरवठा विस्कळीत झाला. २२ जानेवारी रोजी सार्वजनिक सेवांतील सुमारे १५ लाख कर्मचाऱ्यांनी एक दिवस काम बंद ठेवले. यांत रुग्णालयांतील सहायक कर्मचारी, शाळांतील स्वयंपाकी, सफाई कामगार असे अल्प वेतनावरील लोक मोठ्या संख्येने होते. आठवड्याला किमान ६० पौंड वेतन ही त्यांची मागणी होती. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये कचऱ्याचे ढीग साचले. लिव्हरपूलमध्ये कबर खोदणाऱ्यांच्या संपामुळे मृतदेह दफनाविना ठेवावे लागले. हा संप स्थानिक होता, पण जनमानसावर त्याचाच ठसा सर्वांत खोल उमटला.

१० जानेवारी रोजी ग्वादलूपच्या शिखर परिषदेहून परतलेल्या कॅलाहन यांनी देशात अनागोंदी वाढत असल्याचा दावा पत्रकारांसमोर फेटाळला. दुसऱ्या दिवशी ‘द सन’ने ‘संकट? कसले संकट?’ अशा अर्थाचा मथळा छापला. हे शब्द कॅलाहन यांनी उच्चारलेच नव्हते, तरी ते त्यांना कायमचे चिकटले.

अविश्वास ठराव

फेब्रुवारीत सरकार आणि संघटनांत समझोता झाला. परंतु १ मार्च रोजी स्कॉटलंडच्या विधानसभेसाठी झालेल्या सार्वमतात बहुमत मिळूनही एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट पूर्ण झाली नाही. स्कॉटिश नॅशनल पार्टी सरकारविरोधात गेली. २८ मार्च रोजी अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० मतांनी संमत झाला. मजूर पक्षाचे गंभीर आजारी सदस्य आल्फ्रेड ब्रॉटन मतदानाला येऊ शकले नव्हते. ३ मे १९७९ च्या निवडणुकीत ३३९ जागा जिंकून हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या.

परिणाम आणि मूल्यमापन

१९८० आणि १९८२ च्या रोजगार कायद्यांनी संघटनांचे अधिकार आकुंचित केले. १९८४ च्या कायद्याने संपापूर्वी गुप्त मतदान घेणे संघटनांना जवळजवळ अनिवार्य झाले.

१९७९ मध्ये संपांमुळे सुमारे २.९५ कोटी मनुष्यदिवस वाया गेले. हा आकडा अनेकदा त्या हिवाळ्याच्या नावे मांडला जातो. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग थॅचर सत्तेवर आल्यानंतर अभियांत्रिकी उद्योगात झालेल्या संपाचा आहे. या संकटाचे प्रचलित चित्र घडवण्यात वृत्तपत्रांचा वाटा मोठा होता, असे कॉलिन हे यांच्यासारख्या राज्यशास्त्रज्ञांचे मत आहे. मजूर पक्ष त्यानंतर १९९७ पर्यंत सत्तेबाहेर राहिला.