स्टंप ग्राइंडर : कर्तनचक्र आणि दात

झाड तोडल्यावर जमिनीत उरलेला बुडखा उपटून न काढता जागच्या जागी भुगा करून संपवणारे यंत्र म्हणजे स्टंप ग्राइंडर. त्याच्या नावातला ग्राइंडर हा शब्द मात्र फसवा आहे. या यंत्राचे चक्र सहाणेसारखे घासत नाही, ते कापते. त्याचे जवळचे नाते मिलिंग कटरशी: जाड पोलादी तबकडी, तिच्या कडेला आणि दोन्ही अंगांना घट्ट बसवलेले दात, आणि प्रत्येक दात एकेक ढलपी काढून पुढे निघून जाणारा. रचनाकाराचा खरा पेच असा, की चक्र घडवायचे लाकडासाठी आणि ते चालणार माती, मुरूम, गोटे यांच्यात. निव्वळ लाकूड कापायचे असते तर पटाशीसारखी पातळ, तल्लख धार पुरली असती. इथे तशी धार पहिल्याच गोट्यावर तुटते.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील पेला गावच्या व्हर्मिअर कंपनीने 1957 साली आपले पहिले स्टंप कटर बाजारात आणले. तेव्हा अमेरिकी शहरांतले एल्म वृक्ष डच एल्म रोगाने मरत होते. 1930 पासून त्या देशात दिसू लागलेली या रोगाची बुरशी सालीखाली वाढणाऱ्या भुंगेऱ्यांमार्फत पसरते. साल शाबूत असलेला बुडखाही त्या भुंगेऱ्यांना घर देऊ शकतो, त्यामुळे झाड पाडले की काम संपले असे होत नव्हते. फुटपाथ, पाण्याचे नळ आणि घराचा पाया यांच्यामधला बुडखा खणून काढणे तर त्याहून जिकिरीचे.

चक्र उभे असते आणि आडवे झुलते. चालक त्याला बुडख्याच्या कडेला आणतो, थोडे खाली उतरवतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत नेतो. एक थर निघाला की पुन्हा खाली. म्हणजे कापण्याचे बरेचसे काम तबकडीच्या अंगावरचे दात करतात. ते तबकडीच्या बाहेर पुरेसे आलेले नसतील तर लाकूड सरळ पोलादावर घासते आणि तबकडी तापते. सुतार करवतीचे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे फाकवतो, त्यामागे हेच कारण आहे. म्हणून या चक्राला डावे आणि उजवे असे वेगवेगळे दात असतात, काही रचनांत शिवाय सरळही.

दातांची मांडणी कशासाठी, हे रोटाव्हेटर पाहिलेल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याची एल आकाराची पाती एका रेषेत नसतात. ती पायरीपायरीने वळत गेलेली असतात, म्हणजे सगळी एकदम जमिनीत न शिरता एकामागून एक शिरतात. बुडखा कापताना हे आणखी महत्त्वाचे. चार दात एकाच क्षणी लाकडात शिरले तर चक्र फिरवणारा पट्टा घसरतो, बेअरिंगला हादरा बसतो आणि यंत्र नाचू लागते.

आता थोडा हिशेब. 50 सेंटिमीटर व्यासाचे चक्र मिनिटाला 1200 फेरे घेत असेल तर दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 31 मीटर भरतो, म्हणजे ताशी 113 किलोमीटर. चालकाने ते सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाने आडवे नेले, तर प्रत्येक फेऱ्याला 5 मिलिमीटर लाकूड पुढ्यात येते. हे काम आठ दातांनी वाटून घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 0.6 मिलिमीटरची ढलपी येते. चक्र घाईने ओढले तर ढलपी जाड होऊन इंजिन दबते. फार हळू नेले तर दात नुसता घासतो, तापतो आणि झिजतो. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुगा पडू लागला, की जाणता चालक आधी यंत्र बंद करून दात तपासतो.

याच व्यासाची, 25 मिलिमीटर जाडीची भरीव तबकडी साधारण 38 किलो वजनाची होते. त्या वेगाने फिरताना तिच्यात सुमारे साडेनऊ हजार जूल ऊर्जा साठलेली असते. 25 अश्वशक्तीच्या इंजिनाला तेवढी द्यायला अर्धा सेकंद लागतो. गाठ आडवी आली तर हीच साठवण चक्राला तिच्यातून पार नेते. पण दगड लागला तर तीच सगळी दातावर उलटते. जड चक्र नेहमीच चांगले, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

दाताच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा असतो. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोह्स मोजपट्टीवर 7, कार्बाइडची 9 च्या आसपास. नुसते पोलाद मातीत लवकर बोथट होते ते यामुळे. कोबाल्टने बांधलेल्या या कार्बाइडचे पेटंट 1923 साली बर्लिनच्या ओसराम कंपनीतील कार्ल श्रोटर यांच्या कामातून आले. पुढे क्रुप कंपनीने ते विडिया नावाने विकले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘हिऱ्यासारखे’. आपल्याकडच्या लेथवरचा कारागीर आजही कार्बाइडच्या टोकाला विडिया म्हणतो, तो हाच शब्द. हा पदार्थ कठीण आहे आणि ठिसूळही. कोबाल्ट वाढवला, कण जाड ठेवले तर तो धक्के सोसतो, पण लवकर झिजतो. बुडख्याच्या दातासाठी रचनाकार सोसण्याकडेच झुकतो, आणि ते योग्यच आहे: झिजलेल्या दाताला धार लावता येते, फुटलेल्याला नाही.

टोक पोलादी दांड्याला ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेल्या धातूच्या डाकाने, जोडतात, आणि नाजूक जागा तीच. निवताना पोलाद कार्बाइडच्या जवळजवळ दुप्पट आकसते. जोड घाईने थंड केला तर आत ताण उरतो आणि तडा जातो. धार लावायलाही साधा एमरी दगड कुचकामी. सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे चाक नाहीतर हिऱ्याचे चाक लागते. या कटकटीतून गोल डोक्याचे दात पुढे आले. मिशिगनमधील ग्रीन मॅन्युफॅक्चरिंगच्या दातात नट सैल करून डोके फिरवले की ताजी धार समोर येते, असे तीनदा. दात बदलताना मात्र समोरासमोरची जोडी सारख्याच वजनाची ठेवावी लागते, नाहीतर तोल जाऊन चक्र थरथरते. बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळलेला हवा. ताशी शंभराच्या वर जाणारा सुटा दात जीवघेणा ठरू शकतो.

झाडागणिक काम बदलते. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे स्वच्छ सागही धार खातो. नारळाचे खोड बाहेरून टणक, आत मऊ आणि सगळे धाग्यांचे. बोथट दात ते कापत नाही, पिंजतो, आणि ते धागे आसाला गुंडाळतात. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीतल्या नारळ-सुपारीच्या बागा झोपवल्या. अशा कुजणाऱ्या नारळाच्या खोडांत गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग उभ्या माडांचे कोंब पोखरतो. एल्मच्या भुंगेऱ्यांसारखीच ही गोष्ट. फरक एवढाच, की गेंड्या भुंग्याला भुशाचा ओला ढीगही चालतो. त्यामुळे माडाचा बुडखा कापून झाल्यावर खड्ड्याभोवती साठलेला भुगा पातळ पसरून उन्हात वाळवावा लागतो किंवा बागेबाहेर न्यावा लागतो.