आजीचा अंगठा

१९४८ साली मुंबईच्या एका गिरणीत, वाइंडिंग खात्यात काम करताना, माझ्या आजीच्या उजव्या हाताची दोन बोटे यंत्रात गेली. चौथ्या दिवशी नायकीण पन्नास रुपये घेऊन खोलीवर आली आणि 'यापुढे काही मागणे नाही' अशा कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवून घेऊन गेली.

चाळीतील एका वकिलांच्या कानी हे गेले. त्यांनी पैसा न घेता अर्ज लिहून दिला.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. त्यापूर्वी मालकाचा हलगर्जीपणा दिवाणी कोर्टात शाबीत करावा लागे. गरिबाला ते कोठून जमणार? या कायद्याच्या १७ व्या कलमाने हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल ठरविला होता. आणि ८ व्या कलमाप्रमाणे स्त्रीची एकरकमी भरपाई परस्पर हाती न देता कमिशनरकडे भरावी लागे. म्हणजे आजीच्या त्या अंगठ्याला कायद्यापुढे काडीची किंमत नव्हती! भरपाई मिळाली आणि माझ्या आईची शाळा सुटली नाही.

आजी म्हणे, "बोटं गेली ती गेली, न विचारता अंगठा दिला, तेवढंच सलतं."

आज १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. जिल्हा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करावा. तेव्हा कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तेथे चला. एकटीला धीर होत नसेल, तर मंडळातील आम्ही दोघीतिघी बरोबर येऊ.