निंबोडीतला हशा

पुढाऱ्याच्या तोंडून भलतंसलतं निघालं की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला: ‘अमक्यांची जीभ घसरली’. पावण्याला एमआयडीसीत आमची जनरल शिफ्ट सुटली की कंपनीची बस भरेपर्यंत दहा-पंधरा जण चहाच्या टपरीवर थांबतात, तिथंही हेच ऐकू येतं. बोलता बोलता माणूस घसरतो, एवढं काय मनावर घ्यायचं, असं एक म्हणतो. दुसरा म्हणतो, पोटातलं ओठावर आलं. दोघांचंही बोट जिभेकडेच. मला हे निदानच मान्य नाही.

जीभ घसरते तेव्हा एका शब्दाच्या जागी दुसरा येतो, अक्षरं उलटीपालटी होतात आणि बोलणारा तिथल्या तिथं अडखळतो. फ्रॉइडनं १९०१ साली अशा चुकांमागे दडपलेली इच्छा शोधली. ‘पोटातलं ओठावर’वाले नकळत त्याचंच बोट धरून चालतात. आता एप्रिल २०१३ मधलं इंदापूर तालुक्यातलं निंबोडीचं भाषण या कसोटीवर घासून पाहा. राज्यात भीषण दुष्काळ. उजनी धरणात पाणी सोडा म्हणून सोलापूरकडचे प्रभाकर देशमुख मुंबईत आझाद मैदानावर कित्येक दिवस उपोषणाला बसलेले. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्या उपोषणाचा विषय काढला आणि धरणात पाणीच नाही तर लघवी करून भरायचं का, अशा अर्थाचं बोलले. लोक हसले. त्याच भाषणात भारनियमनामुळे मुलं जास्त जन्माला येतात, हाही विनोद झाला. घसरलेला माणूस चपापतो, गप्प होतो. इथं एकाच सभेत दोन विनोद आहेत, आणि समोर त्यांना दाद देणारी माणसं आहेत.

यावर ‘गावाकडची रांगडी बोली आहे, शहरी कानांना टोचते’ असा बचाव ऐकू येतो. हा तर गावावरच अन्याय आहे. गावातला माणूस शिवी देईल, इरसाल बोलेल. पण दुष्काळात दारी पाणी मागायला आलेल्याची चेष्टा करणार नाही. घरात तांब्याभर असलं तरी त्यातलं अर्धं पुढं करायची तिथली रीत आहे. पवारांनी माफी मागितली, १४ एप्रिलला कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. तो पश्चात्ताप मी खरा मानतो. हसणाऱ्यांकडून मात्र कुणी काही मागितलं नाही.

खरोखर घसरणं कसं असतं ते पाहायचं तर आर. आर. पाटील आठवावेत. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला, १६६ माणसं गेलेली, आणि अंजनीसारख्या खेड्यातून आलेले आबा हिंदी वाहिन्यांच्या गराड्यात परक्या भाषेत बोलत होते. मोठ्या शहरात असं घडतं, या अर्थाचं सिनेमातल्या संवादासारखं वाक्य तोंडून गेलं. मला तरी तिथं बेफिकिरी दिसत नाही. हिंदीत शब्द शोधताना हाताशी आलेलं तयार वाक्य दिसतं. शब्द वाईटच होते. गृहखातं त्यांचं होतं, त्यामुळे राजीनामाही योग्यच होता. पण तो सुरक्षेतल्या ढिलाईसाठी द्यायला हवा होता, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते वाक्य.

पुढाऱ्याच्या पत्नीच्या बोलण्याला तर हे माप लावताच येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमृता फडणवीस म्हणाल्या की मुंबईतले तीन टक्के घटस्फोट वाहतूक कोंडीमुळे होतात. पद ना त्यांच्याकडे, ना तेव्हा पतीकडे सत्ता. तो आकडा कुठल्या अभ्यासात मी पाहिलेला नाही, आणि सार्वजनिक ठिकाणी आकडा फेकणाऱ्यानं त्याचा आधार द्यायलाच हवा. एवढी टीका रास्त आहे. पण अमक्याची बायको म्हणून तिचं वाक्य नवऱ्याच्या खाती मांडायचं, हे कोणत्या न्यायात बसतं? ती बोलते ते तिचं.

घटस्फोटाच्या त्या वाक्याचा व्हिडिओ आला त्या संध्याकाळी आमची बस महापे ओलांडून शिळफाट्याला अडकली होती. सगळे हसत होते. माझ्या शेजारी बसणारा डोंबिवलीचा सहकारी तेवढा हसला नाही. फोन खाली ठेवून तो म्हणाला, “आकडा सोड रे. माझी पोरगी आज पण झोपलेलीच असणार.” त्यानंतर गाडी हलेपर्यंत बसमध्ये पोरांच्या झोपेच्या वेळा, शिळफाट्याचे खड्डे आणि उड्डाणपुलाची कामं एवढंच बोलणं चाललं होतं.