ठाण्याची मिस्सा, कल्याणची कुर्बाना

१/ ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये 'मिस्सा' होते. कल्याण-डोंबिवलीतील सिरो-मलबार चर्चमध्ये होते ती 'कुर्बाना'. दोन्ही समाज कॅथलिक, दोघांनाही पोपचे नेतृत्व मान्य. मग उपासनेच्या रीती दोन का?

२/ दोहोंचा गाभा एकच : युखरिस्त. मृत्यूच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना भाकर व द्राक्षारस दिला आणि ते आपले शरीर व रक्त असल्याचे सांगितले. कॅथलिक श्रद्धेनुसार वेदीवरची भाकर केवळ प्रतीक नव्हे. तिच्या रूपात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो.

३/ ही श्रद्धा भारतात दोन वाटांनी आली. एक रोमची, लॅटिन भाषेची. दुसरी इराक-इराणकडची, सिरियाक भाषेची. 'कुर्बाना' हा सिरियाक शब्द, अर्थ 'अर्पण'. मराठीतला 'कुर्बानी' त्याच कुळातला.

४/ सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने 'कल्लियाना' येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. हे कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींचे मत वेगळे आहे. ते कल्याण असेल, तर या परिसरातील सर्वांत जुनी ज्ञात ख्रिस्ती उपासना सिरियाक परंपरेची ठरते.

५/ १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस व त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सहकारी ठाण्यात आले. लॅटिन परंपरेच्या या पाहुण्यांना आसरा दिला तो पूर्वेकडील परंपरेच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने. पुढे चौघेही येथेच मारले गेले. जोर्दानुस या धर्मगुरूने त्यांना सोपाऱ्यात पुरले.

६/ १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि ठाणे परिसरात लॅटिन मिस्सा रुजली. १५९९मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली. सिरियाक ग्रंथ 'दुरुस्त' करण्याचे वा जाळण्याचे आदेश निघाले. कुर्बानेवर लॅटिन वळण लादले गेले.

७/ ते वळण विसाव्या शतकात सैल झाले. १९६२मध्ये पूर्वपरंपरेनुसार सुधारलेली कुर्बाना मल्याळममध्ये सुरू झाली. १९६४मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्व उपासना-परंपरांचा दर्जा समान असल्याचे जाहीर केले. लॅटिन मिस्साही लोकभाषांत आली. तिला मराठी लाभली.

८/ नोकरीधंद्यासाठी या भागात आलेले केरळी कॅथलिक तोवर बहुधा लॅटिन चर्चमध्येच जात. ३० एप्रिल १९८८ रोजी त्यांच्यासाठी स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे नाव : कल्याण.

९/ पोर्तुगीजांनी एकाच साच्यात घालू पाहिलेल्या भाकरीला अखेर दोन्ही भाषा परत मिळाल्या. श्रद्धा एक असण्यासाठी विधी एकच असावा लागत नाही, हे रोमला उमगायला जवळजवळ चार शतके लागली.