बेकारीचा छेद

युरोपातल्या बेकारीचे तक्ते उघडले की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. स्वीडन घ्या नाहीतर बेल्जियम, बाहेरून आलेल्यांमधली बेकारी तिथेच जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त, दुपटीच्याही वर. अमेरिकेत मात्र दोन्ही आकडे बरेचदा शेजारी-शेजारी असतात. आणि आपल्याकडची तक्रार तर पार उलटी, बाहेरचे येऊन आमच्या नोकऱ्या खातात!

ही तक्रार सगळ्यात मोठ्याने ऐकू आली ती मुंबईत. मॅट्रिक झालेला मराठी मुलगा कारकुनी शोधत होता, टायपिंग-शॉर्टहँडमध्ये दाक्षिणात्य पुढे होते, आणि 'मार्मिक'मध्ये कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापून येत होत्या. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. राग खोटा नव्हता. पण 'भूमिपुत्र' म्हणजे नक्की कोण? १९२१ च्या जनगणनेत मुंबईतली शंभरातली सुमारे ८४ माणसं शहराबाहेर जन्मलेली निघाली, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली भरपूर. म्हणजे लालबाग-परळचा गिरणी कामगार भाषेने भूमिपुत्र आणि जनगणनेच्या कागदावर परगावचा. (हाच हिशोब लावला तर समुद्रपुरात जन्मलेला मी पुण्यात परगावचाच. घरमालकांनी तेवढं पहिल्याच भेटीत कळवलं होतं.)

आता खरी गंमत. गिरणी कामगाराचं अर्धं घर कोकणातच असायचं. बायको-पोरं, शेती तिकडे. हा इकडे गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने, जेवायला खानावळ. नोकरी लागायची ती ओळखीच्या जॉबरमुळे. आधी 'बदली' म्हणून रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. याला नोकरदार म्हणायचं की बेकार? १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. कित्येक जण सरळ गावी गेले. शाळेतले अपूर्णांक आठवा, असा माणूस शहराच्या अंशातूनही जातो आणि छेदातूनही. बेकारी होते, पण शहराच्या आकड्यात दिसत नाही.

जर्मनीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून 'पाहुणे कामगार' आणले. ते करार हातात घेऊनच यायचे, काम गेलं की बरेचसे परत जायचे. त्यामुळे त्यांच्यातली बेकारी जर्मनांपेक्षा कमी दिसायची. नोव्हेंबर १९७३ मध्ये ही भरती बंद झाली. एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे कळल्यावर लोक तिथेच थांबले, कुटुंबं बोलावली. पुढे खाणी-कारखान्यांतली कामं गेली, तेव्हा बेकार झालेला माणूस तिथल्याच यादीत राहिला आणि परदेशी लोकांचा आकडा वर चढला. आळस वगैरे कारणं लोक नंतर चिकटवतात.

आपल्याकडे कायदे मात्र अशाच धूसर आकड्यांच्या जोरावर होतात. हरियाणाने २०२० मध्ये खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक असा कायदा केला, २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आणि त्याच २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या जामच्या चौरस्त्यावरून मजूर उत्तरेकडे चालले होते, हैदराबादच्या रस्त्याने, डोक्यावर बोचकी घेऊन. हैदराबादच्या छेदातून ते तेव्हाच वजा झाले होते.