शारदेच्या वेषातील बालपण : केशवराव भोसले आणि नाटक मंडळीतील बालनट

मराठी रंगभूमीच्या इतिहासात केशवराव भोसले यांचे नाव येते ते प्रामुख्याने 'ललितकलादर्श' या संस्थेचे संस्थापक आणि बालगंधर्वांचे समकालीन गायकनट म्हणून. त्यांच्या कीर्तीचा पाया मात्र ज्या वयात घातला गेला, त्या वयाचा स्वतंत्र विचार सहसा होत नाही. चरित्रकारांनी हा काळ 'उमेदवारीचा' म्हणून दोन-तीन परिच्छेदांत आटोपला आहे. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाटक मंडळीत बालनटाचे स्थान काय होते, हे समजून घेण्यासाठी हाच काळ महत्त्वाचा ठरतो.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि शाळेत नाव घालण्याचे वय होण्यापूर्वीच हा मुलगा 'स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी'त दाखल झाला. निराधार कुटुंबातील गोड गळ्याच्या मुलास कंपनीत ठेवणे ही त्या काळी सर्वमान्य रीत होती. कंपनी अन्नवस्त्र देई, गाणे शिकवी. त्या बदल्यात मुलगा कंपनीचा होई. समाज यास उपकार मानी. आणि एका अर्थाने तो उपकार होताही, कारण अशा मुलास गावी राहून पोटभर अन्न मिळाले असतेच असे नाही.

विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील 'सीतास्वयंवर' नाटकापासून स्त्रीभूमिका पुरुषच करीत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने संगीत नाटकाचे युग सुरू केले, तेव्हा गाणारा कोवळा मुलगा ही मंडळीची मोठी गरज होऊन बसली. ध्वनिवर्धक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याचे काम त्या गळ्यासच करावे लागे, तेही मध्यरात्र उलटून गेल्यावर. रेल्वेच्या विस्तारामुळे मंडळींचे दौरे लांबले. सोलापूरला लोहमार्ग १८६० मध्येच पोहोचला होता. पुढे होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारा मार्ग झाला आणि कर्नाटकातील गावेही मराठी कंपन्यांच्या टप्प्यात आली. मुलांचे घर म्हणजे कंपनीचे बिऱ्हाड, तेही मुक्कामागणिक बदलणारे. शिवाय आवाज फुटण्याचे वय आले की सारेच अनिश्चित. गळा टिकला तर नट, नाही तर पडद्यामागे ओझी वाहणे.

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये किर्लोस्कर मंडळीने इंदूर येथे रंगभूमीवर आणले. धनलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथास देऊ करतो, हा त्याचा विषय. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली उठलेले वादळ प्रेक्षकांच्या स्मरणात ताजे होते. केशवरावांना खरी प्रसिद्धी मिळाली ती याच शारदेच्या भूमिकेने. शारदेच्या वयाचाच एक मुलगा तिचा आक्रोश गात होता आणि प्रेक्षक डोळे पुसत होते.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. मुलीचे वय, तिची संमती, पित्याचा लोभ यांवर ज्या सुधारकी मनाने इतका विचार केला, त्याच मनास ती भूमिका करणाऱ्या मुलाचे जागरण, शिक्षण वा संमती हे प्रश्न पडले नाहीत. केशवरावांच्या घरच्यांवर कांचनभटाचा दोष ठेवता येणार नाही. तेथे लोभ नव्हता, गरज होती. परंतु मुलाच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेणे हे दोन्हीकडे समान होते. कायद्याचा क्रमही बोलका आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ साली झाला. (मराठीत तो 'शारदा कायदा' म्हणून रूढ झाल्याने त्याचे नाव देवलांच्या नायिकेवरून पडले असा समज आढळतो, ते हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले आहे.) मुलांचे श्रम गहाण टाकणारे करार रद्दबातल ठरविणारा कायदा त्यानंतर, १९३३ साली आला.

केशवरावांचा गळा टिकला. स्वदेशहितचिंतक सोडून त्यांनी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे ललितकलादर्शची स्थापना केली, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा होते. ज्या वयात बहुतेक बालनटांचे भवितव्य टांगणीला लागे, त्या वयात ते मालक झाले. हे धाडस केवळ महत्त्वाकांक्षेचे मानणे अपुरे होईल. कंपनीच्या मालकीतून सुटण्याचा बालनटास उपलब्ध असलेला बहुधा हा एकच मार्ग होता, आणि तोही शेकड्यांतून एखाद्यासच साधणारा. पुढे त्यांच्या मंडळीने मामा वरेरकरांचे हुंड्याच्या प्रश्नावरील 'हाच मुलाचा बाप' रंगभूमीवर आणले. शारदेचा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता असे म्हणता येते.

टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त 'मानापमान'मध्ये बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने त्यांचे निधन झाले. वय एकतीस, त्यातील पंचवीसहून अधिक वर्षे रंगभूमीवर गेलेली.